आईच्या ॲपचे पाच पडदे

पेडण्याला आमच्या घरासमोर सकाळी सातच्या सुमारास पदेराच्या सायकलचा भोंगा वाजतो. आई ओटीवर येते, कोंड्याच्या दोन पोळ्या घेते (डॉक्टरांनी सांगितल्यापासून उंडे बंद), त्या डब्यात झाकून ठेवते आणि फ्रिजमधून इन्सुलिन काढते. सुई टोचल्यावर अर्ध्या तासाने चहा-पोळी. बाबा गेल्यापासून ती घरात एकटीच असते, पण या क्रमात फरक पडलेला नाही. मी बेंगळुरूत असलो तरी सात वाजले की माझ्या कानात तो भोंगा वाजतोच.

मागच्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका बुधवारी सकाळी साडेअकराला तिचा फोन आला. एरवी ती कामाच्या वेळी फोन करत नाही. घसा कोरडा पडतोय, सारखं पाणी प्यावंसं वाटतंय, डोकं जड झालंय असं म्हणाली. साखर बघायला सांगितली. यंत्रावर ३१८ आली. सकाळचं इन्सुलिन घेतलं होतंस का, असं विचारलं तर तिने जे उत्तर दिलं ते मी अजून विसरलेलो नाही.

"मोबायल सांगता घेतलां म्हूण. मागीर हांव परत कित्याक घेऊं?"

मोबाईल म्हणजे मी तिच्यासाठी लिहिलेलं ॲप. मोबाईल सांगत होता की घेतलं, आणि तिने ते घेतलेलं नव्हतं. चूक ना कंपनीची होती, ना फोनची. ती माझी होती. शेजारच्या काकींना धाडलं, डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं तसं केलं आणि संध्याकाळपर्यंत साखर उतरली. त्या दिवशी ऑफिसात माझ्याकडून एक ओळही लिहून झाली नाही. रात्री लॅपटॉप उघडून बसलो आणि पहाटे दोनला चूक सापडली. ती एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर जाण्याची होती. आपल्या मंडळातल्या अनेकांचे आईवडील गावी आहेत, आणि आपल्यापैकी बरेच जण संगणकाच्या धंद्यात आहेत. म्हणून ती चूक इथे सविस्तर सांगतो.

ॲप करायची बुद्धी मला चवथीच्या सुट्टीत झाली. स्वयंपाकघरात दाराच्या मागे कालनिर्णय टांगलेलं असतं. आई त्याच्या चौकटीत पेन्सिलीने दोन बारीक रेघा मारायची, एक सकाळच्या सुईची आणि एक रात्रीच्या सुईची. साखर बघितली तर आकडा कोपऱ्यात. गॅसचा नंबर लावल्याची तारीख, दुधाचे खाडे, कोणाचं बारसं, हेही त्याच पानावर. डॉक्टरांकडे जाताना ती चक्क कालनिर्णयची पानं सुरळी करून न्यायची. मी फर्मागुडीच्या कॉलेजातून बी.ई. होऊन दहा-बारा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. घरात ही सुरळी बघून मला लाज वाटली. खरं तर वाटायला नको होती, पण त्याकडे मी पुढे येतो.

माझं रोजचं काम सर्व्हरकडचं. भाषा पायथन. मोबाईल ॲप मी कधी केलं नव्हतं. अँड्रॉइडसाठी लोक कॉटलिन शिकतात, फ्लटर शिकतात, आणि कुणी विचारलं तर मीही तेच शिका म्हणेन. पण सुट्टीचे पाच दिवस हातात असताना नवी भाषा कोण शिकणार? पायथनमध्येच ॲप लिहिता येईल असं किवी नावाचं एक मोफत, मुक्त साधन आहे. त्याची १.० आवृत्ती २०११ साली आली. तुम्ही पायथनमध्ये लिहायचं आणि बिल्डोझर नावाचं दुसरं साधन त्या सगळ्याचं अँड्रॉइडला चालणारं पॅकेज करून देतं. पहिल्यांदा ते अँड्रॉइडची सगळी सामग्री इंटरनेटवरून ओढून घेतं. पेडण्यातल्या आमच्या घरच्या नेटवर त्या पहिल्या खेपेला दुपारचं जेवण, झोप आणि चार वाजताचा चहा एवढं सगळं झालं. शिवाय पॅकेजमध्ये अख्खा पायथन भरलेला असतो, त्यामुळे ॲप जाड होतं आणि उघडायला थोडा वेळ घेतं. आईला त्याचं काही नव्हतं. "गॅस पेटायलाही वेळ लागतो," म्हणाली.

आता पडद्यांबद्दल. मोबाईलचा काचेचा तुकडा एकच असतो, पण ॲपमध्ये आपण 'इथून तिथे' जातो. यादीतून एका नावावर टिचकी मारली की यादी जाते, त्या माणसाची माहिती येते. मागे गेलं की यादी परत. किवीत यातल्या प्रत्येक पानाला स्क्रीन म्हणतात आणि ही पानं सांभाळणाऱ्या गड्याला स्क्रीनमॅनेजर. प्रत्येक स्क्रीनला एक नाव द्यायचं. मग मॅनेजरच्या 'करंट' नावाच्या जागेत ते नाव लिहिलं की तो पडदा समोर येतो. एवढंच. नावं मराठीत दिली तरी चालतात, पायथनची काही हरकत नसते. म्हणून माझ्या ॲपमध्ये घर, इन्सुलिन, साखर, डॉक्टर आणि सेटिंग असे पाच पडदे होते. 'इन्सुलिन'वर दोन मोठी बटणं, सकाळ आणि रात्र. दाबलं की बटण हिरवं होऊन त्यावर 'घेतलं' असं यायचं आणि तारखेसकट नोंद फाईलमध्ये जायची. 'साखर'वर आकडा लिहायचा. 'डॉक्टर'वर गेल्या पंधरा दिवसांचा तक्ता, दवाखान्यात दाखवायला. 'सेटिंग' माझ्यासाठी. किती युनिट घ्यायचं ते तिथे, आणि अगदी खाली 'सगळं पुसा'.

मध्येच एक गाऱ्हाणं सांगून घेतो, कारण त्यात माझे दोन दिवस गेले. ॲपवर मराठी अक्षरं आणणं. किवीबरोबर जो अक्षरसाचा येतो त्यात देवनागरी नाही, त्यामुळे आधी सगळीकडे नुसते चौकोन दिसले. देवनागरीचा साचा घातल्यावर अक्षरं आली, पण 'रात्र' मधला त्र तुटला आणि 'सेटिंग' मधली वेलांटी ट च्या पुढे जाऊन बसली. जोडाक्षरं जुळवणं आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडे ओढून आणणं हे काम वेगळ्या यंत्रणेचं असतं आणि माझ्या फोनवरच्या जुळणीत ती नव्हती. ती जोडण्याचे रस्ते आहेत. मी मात्र गावठी उपाय केला. ॲपमध्ये मोजून पंचवीसेक शब्द होते, त्यांची चित्रं करून ती बटणांवर चिकटवली. आकडे तेवढे खरे, कारण १ आणि २ ला जोडाक्षर नसतं.

तर पाच पडदे झाले. एकावरून दुसऱ्यावर जाताना ते कसे सरकावेत हे ठरवायला किवीत बरेच प्रकार आहेत. काही न सांगितलं तर पडदा बाजूने सरकतो. सांगितलं तर विरघळतो, पुसला जातो, पत्त्यासारखा वर येऊन बसतो, मागून उगवतो. या गमती आजच्या नाहीत. ॲपलने १९८७ साली बिल ॲटकिन्सन यांचं हायपरकार्ड काढलं. त्यात कार्डावरून कार्डावर जायचं असायचं आणि जाताना विरघळणं, पुसणं हे प्रकार तेव्हाही होते. त्याच्या किती तरी आधी आपल्या संगीत नाटकांनी रंगवलेल्या पडद्यांची हौस भागवून घेतली होती. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या चुलतभावांनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवले. पुढे दोघेही सिनेमाकडे वळले. नवा पडदा सुटला की लोक पात्राआधी त्याच्याकडे बघत. मीही त्याच नादात प्रत्येक पडद्याला वेगळी चाल दिली. घरातून इन्सुलिनकडे जाताना सरकणं, साखरेकडे जाताना विरघळणं, डॉक्टरकडे जाताना पत्ता उडणं.

आईच्या हातात फोन दिला. तिने 'साखर' दाबलं. पडदा विरघळला. ती चष्मा वर करून बघत राहिली.

"हें खंय गेलें?"

घर कुठे गेलं, असं ती विचारत होती. मी म्हटलं, आहे ते, मागे गेलीस की परत येईल. तिने मागे जायचं बटण दाबलं. यावेळी पडदा सरकत आला. विरघळून गेलेली गोष्ट बाजूने सरकत परत कशी येते, हे तिला पटेना. आणि तिचं बरोबर होतं. मी सगळ्या चाली काढून टाकल्या आणि एकच ठेवली. आत जाताना नवा पडदा उजवीकडून येणार, बाहेर येताना जुना डावीकडून परत येणार. दाराने आत जावं आणि त्याच दाराने बाहेर यावं तसं. ते तिला लगेच कळलं. या सरकण्याला किवी ०.४ सेकंद घेतं आणि तेवढ्या वेळात बोटाचा स्पर्श मोजत नाही. आईला एकदा दाबून काही झालं नाही असं वाटलं की ती दुसऱ्यांदा जोरात दाबते (मिक्सरचंही तिने असंच केलं होतं), त्या दुसऱ्या दाबण्यातून पुढचा काही घोळ व्हायचा तो यामुळे टळला.

मागे जाण्याच्या बटणाने मात्र मला तोंडावर पाडलं. अँड्रॉइडवर मागे जाणं किवीला एका कळीसारखं कळतं आणि आपण काही सांगितलं नाही तर ॲप सरळ बंद होतं. म्हणून मी त्या कळीला 'मागचा पडदा' असं काम लावलं. मॅनेजरकडे त्यासाठी प्रीव्हियस नावाची सोय आहे. नावावरून मला वाटलं, माणूस जिथून आला तिथे ती नेत असणार. तसं नाही. पडदे ज्या क्रमाने मॅनेजरकडे दिले असतील, त्या क्रमातला आधीचा पडदा ती देते. आई कुठून आली याचा त्या मॅनेजरला पत्ताच नसतो. आणि पहिल्या पडद्यावर असताना विचारलं तर ती गोल फिरून शेवटचा पडदा देते.

आता हिशेब करा. पहिला पडदा घर, शेवटचा सेटिंग. आईने घरावर असताना ॲप बंद करायचं म्हणून मागे दाबलं आणि ती थेट 'सगळं पुसा'समोर येऊन उभी राहिली. नशीब, तिने वाचलं आणि हाक मारली. "आतां हांव खंय आसां रे?" मी अंगणात होतो. इतका जोरात पळत आलो की पायरीवर ठेच लागली.

त्यावर उपाय सोपा आहे आणि तो आपल्यालाच करावा लागतो. आई जिथे जिथे जाईल त्याची एक यादी ठेवायची. नव्या पडद्यावर गेलं की आधीच्याचं नाव यादीच्या शेवटी, मागे दाबलं की शेवटचं नाव काढून तिथे परत. यादी रिकामी असेल तर ॲप बंद. दहा ओळींचं काम. 'सगळं पुसा' मी त्याच दिवशी काढून टाकलं. ते मुळात कोणासाठी ठेवलं होतं, मला आजही सांगता येत नाही.

चवथ झाली, मी बेंगळुरूला आलो. सप्टेंबर, ऑक्टोबर छान गेले. आई दर रविवारी 'डॉक्टर' पडद्याचा फोटो पाठवायची. मी मित्रांना दाखवायचो. कालनिर्णयवरच्या रेघा थांबल्या, कारण मीच सांगितलं होतं की आता दोनदा लिहायची गरज नाही.

दिवाळीला बहिणीने आईला नवा फोन दिला. त्यानंतरचा तो बुधवार.

आदल्या रात्री, म्हणजे मंगळवारी, आईने नेहमीप्रमाणे इन्सुलिन पडद्यावर 'रात्र' दाबलं. सकाळचं बटण सकाळीच हिरवं झालं होतं, आता रात्रीचंही झालं. तिने घरावर परत न येता फोन तसाच बाजूला ठेवला. अशा वेळी ॲप बंद होत नाही, थांबतं. किवी त्याला पॉज म्हणतं. डुलकी लागलेल्या माणसासारखं ते सगळं धरून बसतं. कोणता पडदा समोर होता, कोणतं बटण कोणत्या रंगाचं होतं, सगळं. सकाळी आईने फोन उघडला. ॲप जागं झालं. तोच पडदा, तीच दोन हिरवी बटणं. सकाळ : घेतलं. रात्र : घेतलं.

त्या दिवशी गावातून कोणी तरी लवकर आलं होतं, चहापाणी चाललं होतं. सुई टोचली की नाही हे तिला नक्की आठवत नव्हतं. तेच तेच काम रोज करणाऱ्या कोणालाही ते आठवत नाही. आपण दाराला कुलूप लावलं का, हे तरी कुठे आठवतं? म्हणून तिने ज्याच्यावर भरवसा ठेवायला मी सांगितलं होतं, त्याला विचारलं.

पण मी हे धरून का चाललो होतो की असं होणार नाही? इथे ती पडद्यांची गोष्ट येते. किवीत पडदा समोर येण्याच्या आधी, आल्यावर, जाण्याच्या आधी आणि गेल्यावर अशा चार वेळी आपल्याला सूचना मिळते. आल्यावरच्या सूचनेचं नाव ऑन एंटर. माझं काम मी तिथे ठेवलं होतं. इन्सुलिनचा पडदा आला की आजची तारीख बघ, फाईल वाच, आज घेतलं असेल तर हिरवं कर, नसेल तर पुन्हा पांढरं. ते लागतंच, कारण पडदा नजरेआड गेला म्हणून किवी तो पुसत नाही. तो मागे जसाच्या तसा उभा असतो, त्यावर लिहिलेलं काहीही आपण पुसल्याशिवाय जात नाही. हे मला ठाऊक होतं आणि त्याची व्यवस्था केल्याचा मला अभिमान होता.

फक्त एक गोष्ट ध्यानात आली नव्हती. ऑन एंटर पडदा बदलल्यावर येतो. आईने पडदा बदललाच नव्हता. ती रात्री ज्या पडद्यावर होती, सकाळीही त्याच पडद्यावर होती. मॅनेजरच्या दृष्टीने काहीच घडलं नव्हतं. मधल्या दहा तासांत फक्त दिवस उजाडला होता.

मग दोन महिने हे का झालं नाही? जुना फोन लहान होता. अँड्रॉइडला जागा कमी पडली की ते मागे थांबलेली ॲप्स गुपचूप मारून टाकतं. रात्रभरात आईचं ॲप कधी ना कधी मरायचं आणि सकाळी नव्याने, घरापासून सुरू व्हायचं. तिथून इन्सुलिनकडे गेलं की ऑन एंटर यायचा आणि बटण पांढरं. म्हणजे माझी चूक जुन्या फोनच्या गरिबीने झाकून ठेवली होती. नव्या फोनमध्ये जागा भरपूर, ॲप रात्रभर सुखाने डुलकी घेत राहिलं. माझ्या चाचण्यांतही हे कधी दिसलं नाही, कारण दर बदलानंतर मी ॲप नव्याने टाकून पहिल्यापासूनच सुरू करायचो. ॲप उघडं ठेवून झोपलो आणि सकाळी बघितलं, असं मी एकदाही केलं नाही. आई रोज तेच करत होती.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. थांबलेलं ॲप परत जागं झालं की किवी ऑन रिझ्यूम नावाची वेगळी सूचना देतं. ती पडद्याची नसते, ॲपची असते. तिथे सांगितलं की जागं झाल्यावर समोर कोणताही पडदा असो, घरावर जा आणि तारीख नव्याने बघ. फोन उघडा असतानाच मध्यरात्र उलटली तर काय? म्हणून दर मिनिटाला तारीख बदलली का हेही बघायला लावलं. एवढं करून मी झोपायला हवं होतं, पण झोप आली नाही. कारण उलटी चूक याहून वाईट. घेतलेलं असताना ॲपने 'नाही' म्हटलं तर आई दुसऱ्यांदा टोचून घेईल आणि साखर खाली येईल. घाम, थरथर, आणि घरात ती एकटी. वाढलेली साखर तिने दुपारपर्यंत सोसली. उतरलेली साखर तेवढी सवड देत नाही. बटण हिरवं की पांढरं एवढ्यावर हे सोडणं बरोबर नव्हतं.

त्या शुक्रवारी रात्रीची बस धरून पेडण्याला गेलो. धारगळला उतरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. आईने राग वगैरे काही दाखवला नाही. स्वयंपाकघरात गेलो तर दारामागच्या कालनिर्णयवर गुरुवारपासून परत पेन्सिलीच्या रेघा सुरू झालेल्या. मी त्या पानासमोर बराच वेळ उभा राहिलो. कागदावर मंगळवारची रेघ मंगळवारच्याच चौकटीत राहते. बुधवारची चौकट बुधवारी कोरी असते, आणि तिला कोरं करायला कोणी लागत नाही. मी जी सुरळी बघून लाजलो होतो, तिच्यात ही चूक होऊच शकत नव्हती.

संध्याकाळी गावात दहीकालो होता. आई म्हणाली, चल, दोन तास बसून येऊ. काल्याच्या रात्रीचं दशावतारी नाटक मी लहानपणापासून बघत आलोय, पण त्या रात्री माझं लक्ष नको तिथे होतं. मागे एक पडदा, तो हलत नाही. पुढे एक बाकडं. पायपेटी, पखवाज, झांज. राजा त्या बाकड्यावर बसला की ते सिंहासन, तोच उठून चार पावलं चालला आणि "या घनघोर अरण्यात" म्हणाला की ते अरण्य. लिहिलेली संहिता नाही, सगळे संवाद तिथल्या तिथे. तरी पुढे बसलेल्या एकाही म्हातारीला 'आता आपण कुठे आहोत' असा प्रश्न पडत नाही. कारण जागा बदलली की नट पहिल्याच वाक्यात ती सांगतो. कुठे आलो, केव्हा आलो, कशाला आलो. माझ्या पाच पडद्यांपैकी एकही एवढं बोलत नव्हता.

रविवारी ओटीवर सोप्यावर बसून मी ॲप मोडलं आणि आईला विचारून विचारून परत मांडलं. आता पाचाचे दोनच पडदे आहेत. पहिला घर. त्यावर सर्वांत वर, सर्वांत मोठ्या अक्षरांत वार आणि तारीख. (वारांची सात चित्रं आणि महिन्यांची बारा करावी लागली, ते असो.) खाली 'सकाळ' आणि 'रात्र' या दोन चौकटी. दाबलं की 'घेतलं' असा शब्द येत नाही, वेळ येते : ७:१२. ही आईची सूचना. "घेतलं म्हटल्यार काल घेतलां काय आज, कोण सांगतलो?" वेळ असली की तिला आठवतं, सात बारा म्हणजे पदेर येऊन गेल्यावर. सकाळी उठून ९:०५ दिसलं तर तिला लगेच कळेल की हे कालचं असणार, माझा कोड काही का म्हणेना. साखरेचा आकडाही तिथेच, खालच्या बाजूला. दुसरा पडदा डॉक्टरांचा तक्ता, तो महिन्यातून एकदा उघडतो. युनिट किती घ्यायचं ते ॲपमधून काढूनच टाकलं. ते डॉक्टरांच्या कागदावर आहे आणि तो कागद फ्रिजला चिकटवलेला आहे.

आणि एक नियम, जो ॲपमध्ये नाही. घेतलं की नाही अशी शंका आली तर परत घ्यायचं नाही. आधी साखर बघायची आणि मला किंवा डॉक्टरांना फोन करायचा. मी मीटिंगमध्ये असलो तरी.

मंडळातल्या दोघातिघांनी हे ॲप आपल्या घरच्यांसाठी मागितलं, मी दिलं नाही. ते आईच्या सवयीवर बेतलेलं आहे. तुमच्या वडिलांची सुई दिवसातून तीन वेळा असेल, किंवा ते रात्री एक वाजता जेवत असतील, तर माझ्या मध्यरात्रीच्या हिशेबाने त्यांचा घात होईल. स्वतः करायचं असेल तर कोड दाखवीन, शेजारी बसून मदत करीन. मात्र एक करा. ॲप टाकल्यावर रात्री फोन तसाच ठेवून झोपा आणि सकाळी उठून आधी तोच पडदा बघा.

कालनिर्णयवरच्या रेघा आईने थांबवलेल्या नाहीत. मीही आता थांबव म्हणत नाही. रविवारी दोन फोटो येतात, एक ॲपचा, एक पानाचा. मी दोन्ही ताडून बघतो. आतापर्यंत एकदा फरक निघाला. ॲपमध्ये नोंद होती आणि पानावर रेघ नव्हती. विचारलं तर म्हणाली, पेन्सिल सापडत नव्हती.

परवा फोनवर तिने तिसरा पडदा मागितला. कोणत्या गावात काल्याला कोणतं दशावतारी मंडळ येणार त्याची यादी. कोजागरीला पेडण्याच्या पुनवेसाठी जाणार आहे, तेव्हा टाकून देतो म्हटलंय. सगळ्या गावांच्या नावांची चित्रं करायची आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांत जोडाक्षरं आहेत.